लिंकनचा पक्ष, थरमंडचा पक्ष

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या निवडणुकीवर आपल्याकडे गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता ना? मग तिथले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सना मतं का देतात?" प्रश्न रास्त आहे. उत्तराला मात्र शंभर वर्षं लागतात.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सद्‌गृहस्थांना अर्पण केला, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. त्या साली तिथल्या संसदेत रिपब्लिकन पक्षाचे कृष्णवर्णीय खासदार बसत होते. पुढे १८७७ मध्ये केंद्राने हात काढून घेतला आणि गुलामगिरी असलेल्या दक्षिणेच्या राज्यांना मोकळं रान मिळालं. तिथले डेमोक्रॅट कारभारी मोठे कल्पक. लुइझियानाने १८९८ मध्ये नियम केला: मत द्यायचं तर साक्षरता किंवा मालमत्ता दाखवा, मात्र १८६७ च्या आरंभी तुमचा बाप किंवा आजा मतदार असेल, तर तुम्हाला माफ. गुलामाच्या नातवाने आजाचं मत आणायचं कुठून? त्या राज्यातले कृष्णवर्णीय मतदार १८९६ मध्ये एक लाख तीस हजारांच्या घरात होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

१९३० च्या दशकातल्या मंदीत डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टनी गरिबांना कामं दिली, तेव्हा उत्तरेकडचे कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सकडे वळले. म्हणजे एकाच पंगतीला हेही आणि त्यांना मत नाकारणारेही! हे फार काळ टिकणार नव्हतंच.

आता स्ट्रॉम थरमंड यांच्याकडे बघा. साउथ कॅरोलायनाचे हे डेमोक्रॅट गव्हर्नर. १९४८ मध्ये त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष ट्रुमननी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, त्याच वर्षी हे वेगळी चूल मांडून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि चार राज्यं जिंकले. पुढे सिनेटमध्ये गेले. तिथे भाषण लांबवत ठेवलं की मतदान अडतं, म्हणून १९५७ चं नागरी हक्क विधेयक रोखायला ते २४ तास १८ मिनिटं बोलत राहिले. मध्ये लघवीला जावं लागू नये म्हणून आधी वाफेचं स्नान घेऊन अंगातलं पाणी काढून आले होते! बोलले काय, तर राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवले. विधेयक तरीही मंजूर झालं.

मग १९६४. डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांच्या, वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याला सिनेटमधल्या ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला, तर २१ डेमोक्रॅट विरोधात गेले. पण रिपब्लिकनांनी अध्यक्षपदासाठी उभे केले ते गोल्डवॉटर, नेमके विरोधात मत देणारे. त्यांचा आक्षेप घटनेच्या मुद्द्यावर होता, हे खरं. मतदाराने मात्र त्यातून हवा तो अर्थ काढला. देशभर आपटलेल्या गोल्डवॉटरना दक्षिणेतल्या मिसिसिपीत ८७ टक्के मतं पडली. त्याच सप्टेंबरात थरमंड रिपब्लिकन झाले, आणि २००३ पर्यंत सिनेटमध्ये राहिले.

पक्ष एका रात्रीत पालटले, असं सांगणारेही चुकतातच. दक्षिणेतल्या स्थानिक जागा पुढे कित्येक वर्षं डेमोक्रॅट्सकडेच होत्या, आणि करांपासून चर्चपर्यंत इतरही कारणं होती. पण वंश हे कारणच नव्हतं, हे मला पटत नाही. २००५ मध्ये खुद्द रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेहलमन यांनी कबूल केलं, की पक्षातल्या काहींनी वांशिक दुहीचा फायदा उठवला आणि ते चूक होतं.

यात आपलाही एक धागा आहे. भारतीयांना अमेरिकेत वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. ती कोटापद्धत मोडणारा कायदा ऑक्टोबर १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या कायद्यानंतर दोनच महिन्यांनी झाला. त्यानंतरच पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे स्थिरावले. न्यू जर्सीतला मराठी माणूस आज यापैकी कुठल्याही पक्षाचा असेल. १९६५ मध्ये सिनेटमध्ये त्याच्या वाटेत उभे राहिलेले बहुतेक लोक दक्षिणेतलेच होते.

नमस्कार.