वाफेला द्रावकाची जोड

[हवाई दृश्य: बर्फ, सूचिपर्णी जंगल, चंदेरी नळ]

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातला हा कोल्ड लेकचा परिसर. जंगलातून गेलेले हे नळ वाफेचे. ही वाफ जमिनीखालचं घट्ट तेल पातळ करायला खाली चालली आहे.

[प्रयोगशाळा: खडकाचा नमुना, कलती बरणी]

हा काळा दगड म्हणजे वाळू आणि तिच्या कणाकणाला धरून बसलेलं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट खनिज तेल. खालच्या थंडाव्यात ते पाण्याच्या सुमारे लाखपट घट्ट असतं. नुसती विहीर खोदून ते वर येत नाही. बरणी कलती केली आहे, पाहा, तेल अजून काठाशी पोचलेलं नाही.

[बॉयलर, ज्वाळा]

इथे १९८५ पासून व्यापारी उत्पादन चालू आहे. विहिरीत वाफ सोडायची, मुरू द्यायची, मग त्याच विहिरीतून तेल उपसायचं. तेलाच्या एका पिंपामागे तीन-तीन पिंपं पाण्याची वाफ करावी लागते. पाणी बरंचसं पुन्हा वापरता येतं. ते उकळायला जाळलेला वायू मात्र गेला तो गेलाच.

[अॅनिमेशन: दोन आडव्या विहिरी]

अभियंता रॉजर बटलर यांनी १९७० च्या दशकात वेगळी मांडणी सुचवली. आडव्या विहिरी दोन, एकीखाली एक, मध्ये सुमारे पाच मीटर. वरचीतून वाफ जाते, पातळ झालेलं तेल आपल्याच वजनाने खालचीत उतरतं. पुढे कॅल्गरी विद्यापीठात त्यांनी वाफच वगळून पाहिली आणि प्रोपेन-ब्युटेनसारख्या द्रावकांची बाष्पं वापरली. ऑइलपेंटमध्ये थिनर घालावा तसं. पण थंड तेलात द्रावक फार सावकाश शिरतं.

म्हणून दोन्ही एकत्र. इथे नीट पाहा: वाफ तेलाच्या कडेला पोचते, ते तापवते. तिथेच द्रावकाचं बाष्पही निवून द्रव होतं आणि ऊन तेलात मिसळतं. तेल आणखी पातळ होतं, वाफ कमी लागते. किती साधी, किती नेमकी युक्ती!

[ग्रँड रॅपिड्स प्रकल्प]

२०२४ मध्ये इंपीरियल ऑइलने इथे याच पद्धतीने उत्पादन सुरू केलं. रोज १५,००० पिंपांचं उद्दिष्ट आहे. जुन्या पद्धतीच्या तुलनेत पिंपामागचं उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटेल, असं कंपनी सांगते. तेल जाळल्यावरचा धूर अर्थात तेवढाच राहतो.

[विलगीकरण टाक्या, मापकं]

वर आलेल्या तेलातून द्रावक इथे वेगळं होतं आणि पुन्हा विहिरीत जातं. ते बिट्युमेनपेक्षा महाग, त्यामुळे खाली अडकेल तितका तोटा. कोल्ड लेकचे अभियंते आता रोज हाच हिशेब ठेवतात: द्रावक किती गेलं, किती परत आलं.