सिलिकॉनच्या तंतूला तडा जातो तो कसा?

नमस्कार मंडळी! पणजीत कदंबच्या इलेक्ट्रिक बसगाड्या धावतात, दारोदारी बॅटरीच्या स्कूटर आल्यात. या बॅटऱ्यांचा दम वाढवायचा, तर सिलिकॉनकडे वळावं लागतं. आजच्या बॅटरीत लिथियम साठवायला ग्राफाइट असतं. एक ग्रॅम ग्राफाइटमध्ये ३७२ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार मावतो, सिलिकॉनमध्ये सुमारे ३,५८०.

पण चार्ज होताना लिथियम भरल्यावर ग्राफाइट जेमतेम १० टक्के फुगतं, आणि सिलिकॉनचं आकारमान जवळपास चौपट होतं.

आता इथे लक्ष द्या. समजा, सिलिकॉनचा एक बारीक तंतू घेतला. मोकळा तंतू सगळीकडे सारखाच फुगला, तर ताण येणारच नाही. घोळ होतो तो लिथियम हळूहळू झिरपतं म्हणून. तंतूची जाडी दुप्पट केली, की गाभ्यापर्यंत पोचायला चौपट वेळ. डिस्चार्ज होताना बाहेरचा थर आधी रिकामा होतो, आकसतो. गाभा मात्र अजून फुगलेलाच. खाजनातला चिखल उन्हात वरून सुकतो आणि भेगाळतो ना, अगदी तसंच. तडा बाहेरून आत शिरतो.

(पडद्यावर: तंतूचा गोल छेद, कडेला भेग)

हा तडा गणितात मांडणाऱ्या मॉडेलमध्ये दोन जुने नियम एकत्र येतात. झिरपण्याचा फिकचा, १८५५ चा. तडकण्याचा ग्रिफिथचा, १९२१ चा: तडा पुढे सरकताना सुटणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली, तरच तो सरकतो. मला सगळ्यात आवडतं ते यांचं एकमेकांत गुंतणं. ताणलेल्या जागी लिथियमला जास्त वाव मिळतो, म्हणून ते तड्याच्या टोकाकडे ओढलं जातं. शिवाय भेगेत इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियम वाहून नेणारा बॅटरीतला द्रव, शिरलं, की लिथियमच्या ये-जा करण्याला नवीन दार उघडतं. म्हणजे तडा झिरपण्याची वाटच बदलतो, आणि ती वाट पुढचा तडा ठरवते. दोन्ही समीकरणं एकत्रच सोडवावी लागतात.

मग तंतू बारीक करायचा? हो. साठलेली ऊर्जा घनफळावर अवलंबून, तड्याची किंमत क्षेत्रफळावर. बारीक तंतूत ऊर्जा पुरतच नाही. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेच दिसलं: साधारण १५० नॅनोमीटरहून लहान सिलिकॉनचे कण पहिल्यांदा लिथियम भरताना तडकले नाहीत. पण फार बारीक केलं तर पृष्ठभाग वाढतो, आणि इलेक्ट्रोलाइटमुळे त्यावर जमणारा थर लिथियम गिळत राहतो.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरांनो, फक्त त्रिज्येच्या दिशेने मांडलेलं ताणाचं गणित साध्या लॅपटॉपवर होतं. व्यास आणि डिस्चार्जचा वेग, दोन्ही बदलून बघा. तडा घालायचा झाला, की दुसरी मिती लागेल.