विचारायचे कसे?

श्रोतेहो, नमस्कार.

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या बाईला काय सांगायचे आणि किती सांगायचे, हे आपल्याकडे बहुधा तिला वगळून इतरच ठरवतात. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मुलगा बसतो, आई मागे बाकावर असते, आणि "तिला फार सांगू नका, खचून जाईल" ही विनंती तिच्या देखतच दबक्या आवाजात केली जाते. तिला खरोखर काय जाणून घ्यायचे आहे हे ओळखावे कसे, एवढ्याच प्रश्नाविषयी आज मला बोलायचे आहे.

"काही विचारायचे आहे का?" असे थेट विचारले, तर "तुम्ही सांगाल तसं" असे उत्तर मिळते. विषयांची यादी वाचून दाखवली, तर ती सगळ्यांनाच हो म्हणते. ही अडचण ओळखून कॅनडातील परिचर्याशास्त्राच्या संशोधक लेस्ली डेग्नर यांनी वेगळी पद्धत वापरली. आजार कितपत पसरला आहे, बरे होण्याची शक्यता किती, उपचारांचे पर्याय कोणते, लेकीबाळींना धोका आहे का, असे नऊ विषय त्यांनी घेतले आणि ते दोन दोन करून रुग्णांपुढे ठेवले. नऊ विषयांच्या छत्तीस जोड्या होतात. प्रत्येक जोडीतून एकच निवडायचा असल्यामुळे खरा क्रम आपोआप उघड होतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 1,012 स्त्रियांच्या अभ्यासात बरे होण्याची शक्यता आणि आजाराचा प्रसार हे विषय सर्वांत वर आले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांनी मात्र शरीराच्या आकर्षकतेविषयीच्या माहितीला थोरल्यांपेक्षा अधिक महत्त्व दिले, आणि हा विषय आपल्याकडे कोणी तोंडातून काढत नाही. उपचाराचा निर्णय स्वतः घ्यावा असे 22 टक्के स्त्रियांना वाटत होते, 44 टक्क्यांना तो डॉक्टरांच्या बरोबरीने घ्यायचा होता आणि उरलेल्यांना तो डॉक्टरांवर सोपवायचा होता. पण आपल्याला हवा तेवढा वाटा मिळाला, असे केवळ 42 टक्के स्त्रियांनी सांगितले. मला यातला हा शेवटचा आकडाच सर्वांत बोलका वाटतो.

ही प्रश्नावली मराठीत जशीच्या तशी आणून भागणार नाही. परळच्या टाटा रुग्णालयात खेड्यातून आलेल्या बाईचे पहिले प्रश्न वेगळे असू शकतात: लाइट म्हणजे किरणोपचार घेण्याचे आठवडे काढायचे कुठे, महात्मा फुले योजनेत कोणता खर्च बसतो, नातवंडाला जवळ घेतले तर त्याला हा आजार लागेल का. तो लागत नाही, हे एक वाक्य कुणी वेळेवर सांगितले नाही, म्हणून कितीतरी आज्या आपले ताट-वाटी वेगळे ठेवतात.

शब्दांचाही घोटाळा असतो. अहवालातील 'ग्रेड 3' वाचून घरचे लोक तिसरी स्टेज समजतात. वस्तुतः ग्रेड म्हणजे गाठीतील पेशी निरोगी पेशींहून किती वेगळ्या दिसतात याची नोंद, आणि स्टेज म्हणजे आजाराची व्याप्ती. तसेच 'ईआर पॉझिटिव्ह' हे शब्द ऐकून धसका बसतो, कारण आपल्या कानाला पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे वाईट बातमी. प्रत्यक्षात गाठीतील पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राहक आहेत, एवढाच त्याचा अर्थ; त्या संप्रेरकाला तिथे अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता त्यातून कळते. तिला हे शब्द कसे समजले आहेत, हे तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय तिची गरज मोजता येत नाही.

शिवाय ही गरज बदलत जाते. निदानाच्या आठवड्यात जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. पुढे हाताची सूज, गळलेले केस, आणि मुलीची तपासणी कधीपासून करावी, हे प्रश्न वर येतात. म्हणून एकदा विचारून कागद फायलीत लावणे पुरेसे नाही. परिचारिकेने किंवा समाजसेविकेने नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवावे, वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवावेत, आणि बाई "माझ्या मुलालाच सांगा" म्हणाली, तर तो तिचा निर्णय म्हणून लिहून घ्यावा. पुढच्या भेटीत तोच प्रश्न तिला पुन्हा विचारावा.

नमस्कार.