40 ला परवडणारी गाडी 80 ला का पिते?

गाडी किती ॲव्हरेज देते, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: चालवता किती स्पीडने? ते कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. का, ते आज आकड्यांवरून बघू.

उदाहरणाला स्प्लेंडर प्लस घेतो. 97.2 सीसी, 4 गिअर, इंजिनाची पूर्ण ताकद साधारण 5.9 किलोवॅट. गाडी 112 किलो, वर 70 किलोचा माणूस, ताठ बसलेला. पुणे-सातारा हायवेचा सपाट पट्टा, वारा पडलेला.

(बोर्डाकडे)

गाडीला दोन गोष्टी मागे खेचतात. एक टायरचं घर्षण. हे स्पीड वाढला तरी फारसं बदलत नाही, ढोबळ 27 न्यूटन धरा. दुसरी हवा, आणि खरा खेळ तिचा आहे. स्पीड दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. माझ्या हिशेबाने 40 ला हवा साधारण 44 न्यूटनने अडवते, 80 ला 177 ने. दोन्ही मिळून 40 ला 71 आणि 80 ला 204. म्हणजे तेच एक किलोमीटर कापायला जवळपास तिप्पट काम.

आता ताकद बघा. 40 ला चाकाशी 0.8 किलोवॅट पुरते. 80 ला लागते साडेचार. चेनमध्ये थोडी जातेच, म्हणजे 5.9 मधली बहुतेक संपली. 80 नंतर स्प्लेंडर पिळूनही पुढे सरकायला एवढा वेळ का घेते, ते इथे दिसतं. इंजिन कमजोर आहे म्हणून नाही, समोर हवेची भिंत आहे म्हणून.

काम तिप्पट, मग ॲव्हरेज एक तृतीयांशावर यायला हवं. येत नाही. 40 ला लिटरमागे 65-70 किलोमीटर देणारी गाडी 80 ला 40 च्या आसपास देते. हा फरक कुठून येतो, हे कळलं की गिअरचं सगळं गणित सुटतं.

हलक्या कामाला पेट्रोल इंजिन फार उधळं असतं. ॲक्सिलरेटर थोडाच उघडा असला की इंजिनाला बारीक फटीतून हवा ओढावी लागते. रसवंतीवर चपटी झालेली स्ट्रॉ आठवा, ओढण्यातच दम जातो. त्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांचं घर्षण वेगळंच, आणि ते आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर, वाढतं. म्हणून 40 ला पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम 15 टक्के चाकापर्यंत पोचते. 80 ला इंजिन भरून काम करतं, तेव्हा 25 पर्यंत. काम वाढलं, पण वाया जाणं कमी झालं.

गिअरचं काम नेमकं हेच. 40 चा स्पीड तिसऱ्यातही निघतो, चौथ्यातही. चाकाला लागणारी ताकद तीच. पण चौथ्यात आरपीएम कमी, ॲक्सिलरेटर जास्त उघडा, आणि पेट्रोल कमी. म्हणून गाडी झटके न देता, इंजिन न ठोकता जितक्या वरच्या गिअरमध्ये चालते, तितक्यात चालवा. मात्र 25 ला चौथा टाकून गाडी गुदमरवणं म्हणजे बचत नाही. त्यात चेन आणि क्लचचं नुकसान आहे.

आता स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. पुढचं एका दाताने मोठं टाका, ॲव्हरेज वाढेल, असं गॅरेजवर हमखास ऐकायला मिळतं. 14 चे 15 दात केले तर त्याच स्पीडला आरपीएम 7 टक्के घटतात. शांत, सपाट रस्त्यावर 40-50 ने जाणाऱ्याला थोडा फायदा होईलही. पण पिकअप मरतो, आणि खंबाटकीच्या चढाला चौथा सोडून तिसऱ्यावर यावं लागतं. 80 ला तर मुळात ताकदच उरलेली नाही. हवेला तुमच्या स्प्रॉकेटशी काही देणंघेणं नाही, तिला ढकलायला लागतं तेवढं लागणारच.

एक फसवणूक सांभाळा. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यांचं पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की किलोमीटर जास्त पडतात. ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं. गाडी तेवढी धावलेलीच नसते.

आणि वारा! तुम्ही 60 ला, समोरून 15 चा वारा. हवेच्या लेखी तुम्ही 75 ला आहात, तिचा जोर 56 टक्के जास्त. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालून बाइकवर गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

लोकांना वाटतं डबलसीटमुळे हायवेला ॲव्हरेज पडतं. मागचा माणूस तुमच्याच आडोशाला बसतो, हवेत तो फारशी भर घालत नाही. त्याचं वजन चढावर आणि सिग्नलवर जाणवतं. हवेला खरी अडचण होते ती दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगांची आणि फडफडणाऱ्या जॅकेटची.

हवेवर मात केली तर काय होतं, हे अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी दाखवलं. विंडजॅमर फेअरिंग, म्हणजे बाइकच्या पुढे बसवायचं वारा अडवणारं कवच, बनवणारे ते हेच. त्यांनी 1980 ते 1985 दरम्यान मोटारसायकलच्या इंधनबचतीच्या स्पर्धा घेतल्या, त्याही हायवेच्या स्पीडला. 1985 ला विजेत्याचा आकडा होता 470 मैल प्रति गॅलन, आपल्या मापात लिटरला जवळपास 200 किलोमीटर. गाडी छोट्या इंजिनाचीच. वर गुळगुळीत, शेपटीकडे निमुळतं होत जाणारं कवच.

आपल्याला कवच नको. पुढच्या वेळी हायवेला लागलात की टाकी काठोकाठ भरा आणि जाताना 75 ने जा. तिथे पुन्हा काठोकाठ भरा आणि येताना 55 ने या. जॅकेटची चेन लावा, टायरची हवा दोन्ही वेळी सारखी ठेवा. दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका, सोबत गाडीचं मॉडेल आणि त्या दिवशी वारा कुठून होता तेही.