काखेतला आकडा

(अंगण, चूल, धूर. निवेदन पाच सेकंदांनी सुरू.)

गडचिरोली जिल्हा, डिसेंबरची सकाळ. घरात बाळ आलंय, आज त्याचा सातवा दिवस. तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, येऊन गेली; आजची तिची दुसरी फेरी. पिशवीला हात लावायच्या आधी ती हात धुते. घड्याळ काढते, बांगड्या मागे सारते, कोपरापर्यंत साबण लावते. ओले हात पदराला पुसत नाही, हवेत धरून वाळू देते. संकलन करताना हे दृश्य लांबतंय असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्ही कापलं नाही.

(थर्मामीटर, अगदी जवळून.)

बटण दाबलं. पडद्यावर 188.8.

"मायबाई! एवढा ताप?"

"नाही आजी, मशीन जागी होऊन रायली."

पडद्यावरच्या सगळ्या रेषा उमटतात की नाही, हे यंत्र आधी तपासून घेतं. मग क्षणभर आणखी एक आकडा येतो. तो मागच्या वेळचा, बहुतेक कुठल्या तरी दुसऱ्याच बाळाचा. घाई केली तर तोच वहीत उतरायचा. ताई थांबते. तीन आडव्या रेघा आल्या, फॅरनहाइटची खूण लुकलुकायला लागली, की मगच थर्मामीटर बाळाकडे जातो.

आता काख. बाळाची काख म्हणजे एक घडी, त्यात घाम आणि तेलाचा ओशटपणा. मऊ फडक्यानं ती टिपायची. चकाकणारं टोक घडीच्या अगदी मधोमध, किंचित वरच्या बाजूला रोखून ठेवायचं आणि दंड अंगाशी धरायचा. टोक मागून बाहेर डोकावलं तर ते खोलीतली हवा मोजतं. मध्ये कपडा आला तर कपडा मोजतं. बाळ वळवळतं, ताईचा हात मात्र तसाच.

(आजीचा पत्र्याचा डबा. काचेची नळी.)

तोवर आजीनं तिचा जुना थर्मामीटर काढलाय. पाऱ्याचा. पाऱ्याच्या फुग्याजवळ नळीला बारीक मान असते, म्हणून वर चढलेला पारा आपणहून उतरत नाही, झटकावा लागतो. आजीचा झटका बघा, मनगटातून. दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांकडचे थर्मामीटर फूटभर लांब असत आणि एकेका रोग्याला वीस-वीस मिनिटं लागत. 1867 च्या सुमारास ऑलबट या इंग्रज डॉक्टरनं ते सहा इंचांवर आणले, वेळ आली पाच मिनिटांवर. 1868 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉ. वुंडरलिख यांनी सुमारे 25 हजार रुग्णांच्या नोंदींवर ग्रंथ काढला. 37 अंश सेल्सिअस, म्हणजे आपले 98.6, हा आकडा तिथून रुळला. आणि वुंडरलिख मोजत होते तेही काखेतच.

आजीच्या नळीची खोट वेगळीच आहे. तिचे आकडे 94 च्या आसपास सुरू होतात, कारण ती ताप बघायला केलेली. थंडीत नवजात बाळाला तापाइतकीच भीती गार पडण्याची, आणि ती या नळीत नीट दिसत नाही. कपाळावर हात ठेवून कळेल म्हणावं, तर आजीचा हात आत्ताच गार पाण्यातून आलाय.

घरच्या घरी बाळाची अशी तपासणी करायची वाट याच जिल्ह्यात पडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांतल्या बायकांना ती शिकवली, 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. 2011 पासून देशभरच्या आशा हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत सहा भेटी. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की एका बाळामागे 250 रुपये, असं तेव्हा ठरलं.

(तीन बारीक बीप.)

बीप झाली तरी ताई लगेच काढत नाही. आकडा हलायचा थांबतो.

97.2.

"एक मिळवा ना त्यात," बाळाचा बाप दारातून म्हणतो. काखेतल्या आकड्यात एक अंश मिळवायची आपल्याकडची जुनी रीत. ताई मिळवत नाही. दिसलं तेच लिहिते, पुढे 'काख', आणि वेळ.

नवजात बाळाला 97.7 ते 99.5 हवं. टोपी, मोजे, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून गोधडी. गारठलेलं बाळ दूध ओढत नाही आणि झपाट्यानं खालावतं; ऊब देऊनही अंग तापलं नसतं तर रुग्णवाहिका बोलवावी लागली असती.

(गोधडी. निवेदन नाही. वीस सेकंद.)

पुन्हा हात धुणं. पुन्हा 188.8. या वेळी आजी हसते.

97.9.

स्पिरिटच्या बोळ्यानं टोक पुसून थर्मामीटर डबीत जातो. पलीकडच्या टोल्यावर, छोट्या वस्तीत, चौदा दिवसांचं बाळ आहे. ताई चप्पल घालते.