श्वास थांबतो, पण यादीत बसत नाही

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेय, घरी दोन एकर कोरडवाहू, आणि आमचे मालक उसाच्या सीझनला कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. चालवायचे म्हणते, कारण आता बंद केलंय, आणि का बंद केलं तेच सांगायला आलेय. त्यांना स्लीप ॲपनिया आहे, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार.

मालक लई घोरायचे. सासूबाई म्हणायच्या, दमून येतंय लेकरू, गाढ झोप लागते त्याला. मलाही तसंच वाटायचं. पण एका रात्री घोरणं मधीच बंद पडलं, बघते तर छाती हलतेय पण नाकातून हवाच नाही, मी हात धरून मोजायला लागले, 20, 21, 22, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास आला आणि परत घोरणं सुरू. त्यांना काहीच माहीत नाही. सकाळी उठले की डोकं जड, दिवसभर पेंग, जेवता जेवता डुलकी. आणि मग एक दिवस दोन ट्रॉल्या भरलेल्या असताना डोळा लागला अन् ट्रॅक्टर रस्त्याच्या खाली गेला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा, पण त्या दिवशी मी चावी काढून ठेवली.

मी मोबाईलवर त्यांचा झोपेतला व्हिडिओ काढला होता, तो डॉक्टरांना दाखवला, आणि बायांनो तुम्ही पण हेच करा, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचा आजार सांगता येत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच तो दिसतो. डॉक्टरांनी स्लीप स्टडी लिहून दिली. रात्रभर डोक्याला, छातीला वायरी, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप. रिपोर्टात आकडा आला 42. म्हणजे तासाला 42 वेळा श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबतो नाहीतर अर्धवट होतो. 5 च्या पुढं आजार धरतात, 30 च्या पुढं गंभीर. घसा झोपेत सैल पडून बंद होतो, ऑक्सिजन खाली जातो, मग मेंदू दचकून उठवतो, असं रात्रभर, आणि त्यातून बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, लकव्याचा धोका वाढतो. उपाय सीपॅप मशीन, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. आम्ही उसनवारी करून 38 हजाराला घेतली.

मग गावात कुणीतरी म्हणालं, अपंगाचं सर्टिफिकेट काढा, पगार, म्हणजे सरकारची महिन्याची मदत, चालू होईल. एका एजंटनं 2 हजार घेतले. अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी आम्ही पहाटेपासून लाईनीत, नंबर आला तेव्हा रिपोर्ट उघडून सुद्धा न बघता सांगितलं, हे बसत नाही, पुढचा या. हातात कागद नाही, काही नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दोन वाक्यांत कारण तरी सांगावं की नाही?

कारण मला नंतर कळलं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, स्लीप ॲपनिया त्यात नाही. नुसत्या त्या रिपोर्टवर प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून कुणी मिळवून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग कार्डाचा, अर्ज ऑनलाईन आहे, त्याला सरकारची फी नाही.

पण आमच्या भावकीतल्या काकांना हाच आजार, बीपी होतं, लकवा मारला, डावा हात पाय गेला. त्यांचा अर्ज लकव्यानं आलेल्या अपंगत्वावर केला, कारण टक्के आजाराच्या नावाला देत नाहीत, शरीरात काय उणं पडलं त्याला देतात. 40 च्या वर टक्के आले, पिवळं दिव्यांग कार्ड मिळालं, मग तलाठ्याकडून उत्पन्नाचा कागद, वर्षाला 50 हजाराच्या आत पाहिजे, आणि तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. आधी महिन्याला 1500 रुपये होते, ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगाला 2500 झालेत. एसटीला 75 टक्के सवलत. तर तुमच्या माणसाला स्लीप ॲपनियासोबत असं काही असेल तर त्याचे कागद वेगळे काढून त्यावर अर्ज करा. आणि नाकारलं तर लेखी मागा, कायद्यात अपील आहे, कागद नसेल तर अपील कशावर करणार?

पण मला हे पटत नाही हो. लकवा मारेपर्यंत थांबायचं का? 1995 च्या कायद्यात 7 च प्रकार होते, 21 झाले, थॅलेसेमिया आला, सिकलसेल आला, पार्किन्सन आला, आणि यादीत अजून भर घालायचा अधिकार केंद्र सरकारला कायद्यानंच दिलाय. ज्या ड्रायव्हरचं कामच या आजारानं सुटलं त्याला पगार नका देऊ, निदान मशीनला तरी मदत करा. तसा अर्ज मी लिहिलाय, गावातल्या अजून दोन घरांच्या सह्या घेतल्यात, तुमच्याकडं कुणी असेल तर तुम्ही पण लिहा.

आमच्याकडं रात्री लाईट जाते. इन्व्हर्टरला पैसे जमले नाहीत अजून. लाईट गेली की मशीन बंद पडते, मी त्यांना कुशीवर वळवते आणि लाईट येईपर्यंत बसून मोजते.