उजव्या पानाचा कोपरा

(दृश्य : टेबलावर दोन हात कागद दुमडताहेत. आवाज फक्त कागदाचा.)

आठ कोरे कागद. एकावर एक ठेवून मधोमध दुमडले, घडीवरून नख फिरवलं आणि मध्ये दोन पिना मारल्या की १६ पानं होतात. दोन्ही बाजू धरल्या तर ३२ पृष्ठं. लहान मुलांचं चित्रपुस्तक बहुतेक वेळा या अशा कोऱ्या वहीपासून सुरू होतं. हिला डमी म्हणतात.

हे हात ज्यांचे आहेत, त्यांना आम्ही ताई म्हणतो. ताई मुलांसाठी लिहितात. हौस म्हणून नाही, हेच त्यांचं काम आहे. आम्ही काही दिवस कॅमेरा घेऊन त्यांच्या टेबलापाशी बसलो, तेव्हा या वहीत एक गोगलगाय होती.

३२ पृष्ठंच का, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर छापखान्यात आहे. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठं छापली जातात आणि मग तो कागद तीनदा दुमडला जातो. हा झाला एक फर्मा. दोन फर्मे म्हणजे ३२. एखादं पृष्ठ वाढवायचं म्हटलं तर ते एकटं वाढत नाही. त्यातही शीर्षकाचं पान, प्रकाशकाची माहिती, अर्पणपत्रिका वजा केली की गोष्टीच्या वाट्याला समोरासमोरच्या पानांच्या १३-१४ जोड्या उरतात. शब्द फार तर पाचशे. बरेचदा त्याहून कमी.

ताई या पाचशे शब्दांची फारशी काळजी करत नाहीत. त्यांचं लक्ष असतं उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर.

(दृश्य : डमीचं उजवं पान. कोपऱ्यावर बोट.)

मूल मांडीवर बसून गोष्ट ऐकतं, तेव्हा त्याचं बोट इथे येऊन थांबतं. वाचणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत पान उलटायची त्याला घाई असते. किंवा नसते, आणि मग काहीतरी चुकलेलं असतं. ताई डमीत पेन्सिलीने वाक्यं लिहितात, उठून उभ्या राहतात आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचतात. कोपऱ्यापाशी आल्या की थांबतात. हात आपोआप पुढे गेला तर ते पान राहतं. हात रेंगाळला तर वाक्य खोडलं जातं. एका सकाळी आम्ही मोजलं, एकच पान त्यांनी १९ वेळा वाचलं.

गोष्ट साधी आहे. कुंडीतली गोगलगाय हरवते आणि एक मुलगी तिला शोधायला निघते.

आधी ही मुलगी नव्हती, मुलगा होता. तो मुलगा का गेला, हे नीट सांगायला हवं, कारण मराठीत मुलांसाठी लिहिणं म्हणजे काय ते इथे दिसतं. हे पुस्तक नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी आहे. त्यांना काना, मात्रा, वेलांटी येते, जोडाक्षरं अजून यायची आहेत. म्हणजे अख्ख्या पुस्तकात एकही जोडाक्षर नको. आता मुलगा असला की 'त्याने' आलं, 'त्याला' आलं, 'त्याच्या' आलं. प्रत्येकात जोडाक्षर. मुलगी असली की 'तिने', 'तिला', 'तिच्या'. पहिली दोन सुटली, तिसरं तेवढं टाळायचं. मुलगा मुलगी झाला तो असा.

मग आत्याची मावशी झाली. कुत्र्याच्या जागी मांजर आलं. रस्ता गेला, वाट आली. 'रात्रभर'चं 'रातभर' झालं, 'पुन्हा'चं 'परत' झालं. 'दुसऱ्या दिवशी'पाशी ताई दोन दिवस अडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं लिहिलं : 'उजाडलं.'

(थांबा.)

'दुसऱ्या दिवशी'पेक्षा ते कितीतरी चांगलं आहे. अडचणीने दिलेलं वाक्य, असं ताई म्हणतात. सगळ्या अडचणी मात्र इतक्या उदार नसतात. 'म्हणाली' हा शब्द चालत नाही. 'बोलली' घालून पाहिलं, पण 'ये ना, ती बोलली' हे ताईंच्या कानाला खुपतं. शेवटी त्यांनी म्हणणंच काढून टाकलं. चित्रात कुणाचं तोंड उघडं आहे ते मुलं पाहतील.

आणि गंमत म्हणजे गोष्ट, पुस्तक, शब्द, वाक्य, चित्र, अक्षर, या कामातला जवळजवळ प्रत्येक शब्द या पुस्तकात बसत नाही. बसतं ते फक्त पान.

ताई पहाटे लिहितात. घर जागं व्हायच्या आधीचे दोन तास, वहीत, हाताने. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिव्याखाली वाकलेलं डोकं तासभर दाखवलं तरी बघणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही.

दुपार मात्र बघण्यासारखी असते. दुपारी संपादकांचा फोन येतो, चित्रं येतात. चित्रकाराशी ताईंचं थेट बोलणं क्वचितच होतं. बहुतेक प्रकाशनांत दोघांच्या मध्ये संपादक असतो, आणि ताईंना ते पटतं. लेखकाने चित्रकाराच्या खांद्यावरून डोकावू नये, असं त्यांचं मत आहे. चित्र आलं की त्या आधी स्वतःचं वाक्य खोडतात. 'गोगलगाय हळूहळू भिंतीवर चढली' असं वाक्य होतं. चित्रात भिंत आहे, तिच्यावर गोगलगाय आहे आणि मागे ओली रेघ आहे. मग वाक्याने काय करायचं? वाक्य गेलं. ते त्यांचं आवडतं वाक्य होतं.

पण एका चित्रावर त्या अडल्या. पहिल्या आराखड्यात गोगलगाय उजवीकडून डावीकडे निघाली होती. आपलं वाचन डावीकडून उजवीकडे चालतं, पान उजव्या बाजूने उलटतं, म्हणजे ही बिचारी गोष्टीच्या उलट दिशेने चालली होती. मांडणी करणाऱ्याने सोपा उपाय केला. आरशात दिसतं तसं चित्र संगणकावर उलटवलं. गोगलगाय सरळ निघाली, सगळे खूश झाले. ताई मात्र चित्र डोळ्यांजवळ धरून बसल्या.

(दृश्य : गोगलगाईचा शंख, अगदी जवळून.)

बहुतेक गोगलगाईंच्या शंखाचा वेढा उजवा असतो. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर तोंड उजव्या बाजूला येतं. चित्र उलटवलं की वेढाही उलटतो. म्हणजे गोगलगाईची चाल सरळ झाली, पण शंख उलटा झाला. शिवाय डोळे चेहऱ्यावर काढले होते. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगाईंना शिंगांच्या दोन जोड्या असतात, आणि डोळे वरच्या लांब जोडीच्या टोकांवर असतात. चित्रकाराने कुरकुर न करता सगळं नव्याने काढलं.

हे कोण बघणार, असं आम्ही विचारलं. ताईंनी आमच्याकडे पाहिलं. "सहा वर्षांची मुलं बघतात. पावसाळाभर ती तेच तर बघत असतात."

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण लबाड माणसासाठी वापरतो. पण शास्त्रातही या प्राण्यांच्या वर्गाला उदरपादच म्हणतात, उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय. म्हण करणाऱ्यानेही गोगलगाय नीट उलटी करून पाहिली असणार. ताईंच्या टेबलावर या एका गोष्टीसाठी टिपणांची जाडजूड वही आहे. तिच्यातलं जेमतेम एक वाक्य पुस्तकात येईल.

पैशांबद्दल बोलायला हवं. मुलांचं पुस्तक लहान, म्हणून कष्ट लहान आणि म्हणून मोबदलाही लहान, असा एक समज आहे, आणि तो अन्यायाचा आहे. मोबदला साधारण दोन तऱ्हांनी मिळतो. एक म्हणजे एकरकमी मानधन. पैसे घ्या, हक्क सोडा, आणि पुढे कितीही आवृत्त्या निघोत, तुमचा संबंध संपला. ताईंनी सुरुवातीला असं एक पुस्तक दिलं. ते अजून छापलं जातं. दुसरी तऱ्हा रॉयल्टीची, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीच्या किमतीतला वाटा. ती बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि चित्रपुस्तकात तिचे लेखक आणि चित्रकार असे वाटे होतात. तेही योग्यच आहे. पण हिशेब वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो, आणि घरखर्च रोज असतो. म्हणून दुपारी ताई अनुवाद करतात, दुसऱ्यांची मुद्रितं तपासतात, मुलांच्या लेखनकार्यशाळा घेतात. गोगलगाय पहाटेची, बाकी दिवस पोटापाण्याचा.

आणि नकार. एका प्रकाशनाने ताईंचं हस्तलिखित चौदा महिने ठेवून घेतलं आणि मग दोन ओळींत परत केलं. त्या दिवशी ताईंनी आम्हाला मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बीट्रिक्स पॉटर यांची हकिकत सांगितली. १८९३ मध्ये त्यांनी एका आजारी मुलाला पत्र लिहिलं, त्यात एका सशाची सचित्र गोष्ट होती. काही वर्षांनी त्यांनी ते पत्र त्या मुलाकडून परत मागून घेतलं, कारण त्याचं पुस्तक करायचं होतं. मुलाने ते जपून ठेवलं होतं. प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं. शेवटी १९०१ च्या डिसेंबरात पॉटर यांनी स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या, आणि पुढच्याच वर्षी नाकारणाऱ्यांपैकी एका प्रकाशकाने ते पुस्तक काढलं. ताईंना यातला छापण्याचा भाग तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. त्या पुन्हा पुन्हा सांगतात ते एवढंच, की मुलाने पत्र जपून ठेवलं होतं.

(दृश्य : ग्रंथालय. फरशीवर बसलेली मुलं.)

२ एप्रिल हा डेन्मार्कचे परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांचा जन्मदिवस. १९६७ पासून तो आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या आठवड्यात ताईंना एकाही ठिकाणी नाही म्हणवत नाही. आज त्या एका ग्रंथालयात आल्या आहेत. कपाटात त्यांचं एक जुनं पुस्तक आहे. पाठीला चिकटपट्टी लावलेली, आणि उजव्या पानांचे खालचे कोपरे कापडासारखे मऊ पडलेले. एवढ्या बोटांनी वाचलेल्या या प्रतीचे पैसे लेखकाला एकदाच मिळाले. काही देशांत ग्रंथालयातून पुस्तकं वाचली जातात, त्याबद्दलही लेखकाला मोबदला मिळतो. डेन्मार्कने १९४६ मध्ये तसा कायदा केला, पुढे तिसाहून अधिक देशांनी व्यवस्था केली. ती सगळीकडे व्हावी, असं हे कोपरे पाहिल्यावर आम्हालाही मनापासून वाटतं.

ताई छापील पुस्तक उघडत नाहीत. पिशवीतून पिना मारलेली डमी काढतात.

"पाऊस थांबला. तिने दार उघडलं. कुंडीत गोगलगाय नाही!"

मुलं पुढे सरकतात.

"भिंतीवर एक चंदेरी रेघ. रेघ कुठे गेली?"

पान उलटतं. आणखी एक. सातव्या-आठव्या पानापर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. मग मागून एक मुलगी विचारते, "पण ती हरवली कशी?"

ताई सांगतात, "अगं, पाऊस पडला ना, ती कुंडीतून निघून गेली."

"हो. पण तिचं घर तर तिच्या पाठीवरच आहे. मग ती हरवेल कशी?"

(थांबा. खोलीतली शांतता तशीच राहू द्या.)

कॅमेऱ्यात ताईंचा चेहरा आहे. आधी त्या हसतात. मग हसू थांबतं. त्या डमीकडे बघतात, उजव्या पानाच्या कोपऱ्यावर त्यांचं बोट तसंच राहतं. पुढचं पान उलटण्याआधी ताई त्या मुलीला विचारतात, "मग कोण हरवलं असेल?"

मुलगी खांदे उडवते. तिला माहीत नाही. तिने प्रश्न विचारला, तिचं काम झालं.

परतीच्या वाटेवर ताई काही बोलल्या नाहीत. संपादकांना फोन करून त्यांनी महिनाभराची मुदत मागून घेतली. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ताई बराच वेळ नुसत्या "हो, कळतंय मला" म्हणत होत्या. शंखाचा वेढा सरळ केलेली चित्रं, खोडून खोडून उरलेली वाक्यं, सगळं आता पुन्हा हलणार होतं.

(दृश्य : पहाट. तेच टेबल. दोन हात.)

आठ कोरे कागद. घडी, नख, दोन पिना.

पहिली पानं तीच आहेत. पाऊस थांबतो, दार उघडतं, चंदेरी रेघ भिंतीवरून निघते. मुलगी रेघेमागे जाते. अंगण ओलांडते, वाट ओलांडते, गवतात शिरते. तिथे गोगलगाय सापडते. पानाखाली निवांत बसलेली, पाठीवर घर घेऊन.

ताई उभ्या राहतात. उजवं पान. मोठ्याने वाचतात.

"तिने मागे वळून पाहिलं. घर कुठे गेलं?"

बोट कोपऱ्यापाशी येतं. पुढचं पान अजून कोरं आहे. हात मात्र पुढे गेला आहे.